मूठभर भात, चिमूटभर तिरफळ

मैत्रिणींनो, आजचा पदार्थ जपानी आहे असे म्हटले की तुमच्यापैकी निम्म्या जणी पान उलटणार, हे मला ठाऊक आहे. जपानी म्हणजे कच्चा मासा, दोन काड्यांनी खायचे, आणि ज्याची किंमत ऐकून घास घशाखाली उतरत नाही असे काहीतरी, अशी आपली समजूत असते. पण जरा थांबा. आज मी सांगणार आहे त्याला मासा लागत नाही, काड्या लागत नाहीत, आणि लागणाऱ्या जिनसांपैकी बहुतेक तुमच्या फडताळात या क्षणी आहेत. मुख्य जिन्नस तर काल उरलेला भात!

संध्याकाळी सहा-साडेसहाची वेळ आपल्या उपनगरांत कशी असते ते मी वेगळे सांगायला नको. मुले क्लासहून येतात ती दारातूनच "आई, भूक" म्हणत. घरधनी लोकलमधून लोंबकळत येतात, त्यांना चहाबरोबर काहीतरी चटपटीत हवे असते. पोहे परवाच झाले, उपम्याला नाके मुरडली जातात. मग हात आपोआप नूडल्सच्या पाकिटाकडे जातो. गंमत अशी, की या पाकिटाच्या रूपाने जपान आपल्या घरात कधीच येऊन बसला आहे. झटपट नूडल्सची युक्ती मोमोफुकू आंदो या गृहस्थांनी जपानमध्ये १९५८ साली काढली. शिजवलेल्या शेवया तेलात तळल्या की त्यांतले पाणी उडून जाते, बारीक बारीक छिद्रे राहतात, आणि उकळते पाणी ओतले की त्या पुन्हा मऊ होतात. पत्नीला तेम्पुरा, म्हणजे त्यांच्याकडची भजी, तळताना पाहून त्यांना हे सुचले अशी हकीकत सांगतात. आपल्याकडे १९८३ साली मॅगी आली ती स्विस कंपनीची, पण मूळची कल्पना जपानी. पाकीट वाईट असे मी म्हणत नाही, अडीअडचणीला माझ्याही घरी निघते. पण रोज मैदा, तेल आणि खारट मसाला एवढेच मुलांच्या पोटात जावे हे काही बरे नव्हे. त्याच देशातली याहून जुनी, साधी आणि घरगुती अशी एक गोष्ट आहे. तिचीच ओळख करून द्यायची आहे.

तिचे नाव ओनिगिरी. जपानी भाषेत 'निगिरु' म्हणजे मुठीत धरून दाबणे, त्यावरून हे नाव. आता आपल्याकडे मुठीत दाबून केलेल्या पदार्थाला काय म्हणतात? मुटके! म्हणजे नावसुद्धा परके राहिले नाही. भाताचा मुटका करायचा, मध्ये काहीतरी आंबट-खारट भरायचे, शेतावर किंवा प्रवासात न्यायचे, ही तिकडची शेकडो वर्षांची रीत. हाच मुटका निखाऱ्यावर भाजून वर सोया सॉस लावला की त्याला 'याकी ओनिगिरी' म्हणतात. 'याकी' म्हणजे भाजलेले. आपण तो तव्यावर भाजणार आहोत, आणि झणझणीत करणार आहोत.

झणझणीतपणासाठी आधी चटणी हवी. मला विचाराल तर खरी मजा या चटणीतच आहे, मुटके हे तिच्यासाठी निमित्त.

जपानी स्वयंपाक एरवी सौम्य. पण त्यांच्या जेवणाच्या टेबलावर एक छोटी डबी असते, तिला 'शिचिमी तोगाराशी' म्हणतात. शिचिमी म्हणजे सात चवी, तोगाराशी म्हणजे मिरची. आपण जशी भाकरीवर कारळ्याची किंवा जवसाची कोरडी चटणी घेतो, तशी ते ही सूपवर, भातावर, शेवयांवर भुरभुरवतात. १६२५ साली एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, यागेनबोरी नावाच्या वस्तीत ती पहिल्यांदा विकायला आली. ही वस्ती औषधी विकणाऱ्यांची होती, आणि 'यागेन' म्हणजे औषधे कुटायचे त्यांचे खलासारखे साधन. तेव्हा ही चटणी मसाल्याच्या नव्हे, औषधाच्या खलातून निघाली असे म्हणायला हरकत नाही. आपल्या सुंठवड्यासारखेच की! या चटणीची तीन जुनी दुकाने तिकडे प्रसिद्ध आहेत, आणि तिन्ही देवळांच्या वाटेवर आहेत : टोकियोत आसाकुसाला, क्योतोत कियोमिझू देवळाजवळ आणि नागानोला झेनकोजी देवळापाशी. देवदर्शनाला आलेला माणूस जाताना चटणीची डबी घरी घेऊन जातो. आपण नाही का पेढे बांधून आणत? आसाकुसाच्या दुकानात तर गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे, तिखट हवी की मध्यम, समोरच मिसळून देतात.

यागेनबोरीच्या सात जिनसा अशा : नुसती वाळवलेली लाल मिरची, भाजलेली लाल मिरची, संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळलेली साल, काळे तीळ, खसखस, भांगेच्या झाडाचे बी, आणि सानशो. पहिल्या पाच आपल्या घरच्याच आहेत. मिरची तर त्यांच्याकडे आणि आपल्याकडे एकाच काळात, सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांबरोबर आली असे मानतात. भांगेचे बी आपण सोडून देऊ आणि त्याच्या जागी जवस घेऊ, तोही तसाच खमंग आणि तेलकट. उरला सानशो. आणि इथे मालवणी, गोवेकर मैत्रिणींनी कान टवकारावेत, कारण सानशो म्हणजे आपल्या तिरफळाचा सख्खा चुलतभाऊ!

खरेच सांगते. वनस्पतिशास्त्रात दोघांचे कूळ एकच, झँथॉक्सिलम. बांगड्याच्या तिखल्यात आपण ठेचून टाकतो ते हेच तिरफळ. काळे चकचकीत बी फेकून द्यायचे आणि वरचे टरफल घ्यायचे, ही रीतसुद्धा दोन्हीकडे सारखी. जिभेवर ठेवले तर आधी लिंबाच्या सालीसारखा वास येतो आणि मग जीभ हळूच झिणझिणते. मिरची जाळते, तिरफळ झिणझिणवते, हा फरक. ज्या द्रव्यामुळे असे होते त्याला 'सानशूल' म्हणतात, आणि हे नाव सानशोवरूनच पडले आहे. चीनमधल्या सिचुआन प्रांताची प्रसिद्ध मिरीही याच कुळातली. घाटकोपरच्या खाऊगल्लीत शेजवान डोसा खाताना तो 'शेजवान' म्हणजे सिचुआनच, पण त्या लाल सॉसमध्ये असते मिरची आणि लसूण, त्या मिरीचा पत्ता नसतो. सिचुआनची खरी खूण त्या डोश्यात नाही, ती मालवणी आजीच्या बरणीत आहे. हे मला फार आवडते.

तिरफळ ओळखीचे नसेल तर लालबागच्या मिरची गल्लीत किंवा मालवणी मसाले विकणाऱ्या कुठल्याही दुकानात वाळलेले मिळेल. थोडेच घ्या, पन्नास ग्रॅम वर्षभर पुरते. संत्र्याची साल मात्र घरीच वाळवा. नागपुरी संत्री बाजारात आली की साली फेकू नका. संत्रे सोलण्यापूर्वी कोमट पाण्यात घासून धुवा, सालीच्या आतला पांढरा भाग सुरीने खरवडून काढा, नाहीतर चटणी कडवटते. मग गॅलरीत दोन-तीन दिवस उन्हात, कडकडीत होईपर्यंत ठेवा.

सातचवी चटणी
साहित्य : बेडगी मिरच्या ८ (तिखट आवडत असेल तर २ लवंगी मिरच्या वाढवा), संत्र्याच्या वाळलेल्या सालीचा चुरा २ चहाचे चमचे, तिरफळाची टरफले १ चहाचा चमचा, काळे तीळ २ चमचे, खसखस १ चमचा, जवस २ चमचे.
कृती : मिरच्यांची देठे आणि बिया काढा. निम्म्या मिरच्या कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजा, निम्म्या तशाच ठेवा. कच्च्या मिरचीने रंग येतो आणि भाजलेलीने वास, म्हणून दोन्ही हव्यात. तिरफळे चाळून एकूण एक काळे बी काढून टाका, ते दाताखाली रेतीसारखे येते. टरफले किंचित गरम करून कुटा आणि चहाच्या गाळणीने गाळा, कारण त्यांचा कठीण चोथा राहतो. तीळ, खसखस आणि जवस वेगवेगळे भाजा. तिघांना लागणारा वेळ वेगळा असतो, एकत्र घातलेत तर खसखस करपेल आणि जवस कच्चा राहील. सगळे पूर्ण गार झाल्यावर मिरच्या, साल आणि जवस मिक्सरमधून एक-दोनदाच फिरवा. ही चटणी भरडच हवी, पूड नको. शेवटी तीळ, खसखस आणि तिरफळाची पूड चमच्याने मिसळा.

मीठ घालायचे राहिले की काय, असे वाटले ना? नाही. मूळच्या चटणीत मीठ नसतेच, आणि आपणही घालायचे नाही. त्याचे कारण पुढे येईल.

आता भात. इथे तांदळाची निवड महत्त्वाची. जपानी तांदूळ आखूड आणि चिकट. आपल्याकडे त्याची जागा घेतो तो इंद्रायणी. आंबेमोहोर आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तो तयार झाला, आणि १९८७ पासून शेतकऱ्यांच्या हाती आला. पाहुण्यांना मोकळा फडफडीत भात वाढायचा म्हणून ज्या चिकटपणाबद्दल आपण त्याला नावे ठेवतो, तोच इथे गुण ठरतो. आंबेमोहोरही उत्तम. कोलम असेल तर पाणी थोडे जास्त घालून शिजवा आणि गरम असताना डावाच्या पाठीने थोडा घोटा. बासमतीच्या वाटेला जाऊ नका, त्याचा मुटका हातातच विस्कटतो. काही जणी त्यात उकडलेला बटाटा कुस्करून घाला म्हणतील. घाला, वाईट लागणार नाही, पण मग ती टिक्की झाली.

आणि उरलेल्या भाताबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणीचा करायचा, ही घराघरातली रीत. पण मुंबईची हवा दमट, एप्रिल-मेमध्ये तर रात्रीसुद्धा घाम सुटतो. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूची बीजे असतात. भात शिजवला तरी ती मरत नाहीत. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ती रुजतात आणि विष तयार करतात, आणि उलट्या करवणारे ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. फोडणी दिली, तव्यावर खरपूस भाजले, म्हणून निर्धास्त होऊ नका. भाताला वास आलेला नसतो, तो ताणत नाही, दिसायला चांगला असतो आणि तरी खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. दोष मग हॉटेलातल्या पाणीपुरीला दिला जातो!

तेव्हा भात उरणार असे दिसले की तो पातेल्यात गठ्ठा ठेवू नका. ताटात पसरा म्हणजे लवकर निवेल, आणि तासाभरात झाकणाच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी संपवा. बाहेर राहिलेला असेल तर जिवावर येते खरे, पण टाका. अन्न टाकायचे नाही हे आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे, आणि म्हणूनच पुष्कळ घरांत शिळे खाणारी एकच असते. सगळ्यांची ताज्या भाताची ताटे वाढून झाली की ती ओट्यापाशी उभ्याउभ्या कालचा भात संपवते. ती कोण, हे मी सांगायला नको. मला तरी हा पदार्थ आवडतो तो याच कारणाने. कालचा भात सगळ्यांच्या बशीत जातो, आणि मुले "अजून एक" म्हणून मागतात.

भाताचे भाजके मुटके
साहित्य : दोन वाट्या तांदळाचा भात (साधारण ८ मुटके होतात), बारीक चिरलेली कांद्याची पात अर्धी वाटी, सातचवी चटणी २ चमचे, लिंबाच्या लोणच्याच्या ८ छोट्या फोडी, सोया सॉस ३ चमचे, किसलेला गूळ अर्धा चमचा, तेल २-३ चमचे.
कृती : फ्रीजमधला भात कडक झालेला असतो, त्याचे मुटके होत नाहीत. त्यावर पाण्याचा हबका मारून कुकरच्या भांड्यात चांगली वाफ आणा, आतपर्यंत गरम झाला पाहिजे. परातीत काढून पात आणि चटणी मिसळा. मीठ घालू नका. हाताला सोसेल इतका गरम असतानाच, पाण्याचा हात लावून मूठभर भात घ्या, मध्ये खळगा करून लोणच्याची फोड ठेवा आणि बंद करून घट्ट दाबा. जपानी बायका दोन्ही तळव्यांच्या कोनात फिरवून सुरेख त्रिकोण करतात. आपला चपटा गोल झाला तरी चालेल, फक्त बोटभर जाड ठेवा आणि कडा फाटू देऊ नका. दाबण्यात कुचराई केलीत तर तव्यावर फुटेल, फारच आवळलात तर आत दगड होईल. तीन-चार मुटक्यांनंतर हाताला बरोबर समजते.

बिडाचा किंवा चांगला मुरलेला लोखंडी तवा तापवा, तेलाचे बोट फिरवा, आच मध्यमपेक्षा थोडी कमी करा. मुटके ठेवले की चार-पाच मिनिटे त्यांना हात लावू नका. कितीही मोह झाला तरी उलथने बाजूला ठेवा. खाली कुरकुरीत पापुद्रा धरला की मुटका आपणहून तवा सोडतो, त्याआधी उचललात तर अर्धा तव्यालाच राहतो. उलटून दुसरी बाजूही तशीच भाजा. सोया सॉसमध्ये गूळ विरघळवून तो आता, शेवटी, दोन्ही बाजूंना चमच्याने लावा आणि अर्धा-अर्धा मिनिट परता. आधी लावलात तर गूळ आणि सॉस करपतात आणि भात कच्चाच दिसतो. तव्यावर चर्र असा आवाज होऊन जो वास सुटतो त्याने शेजारीण दार उघडून विचारते. वरून चिमूटभर चटणी भुरभुरवा आणि गरमच वाढा.

मिठाचे कारण आता सांगते. सोया सॉस खारट असतो. एका चहाच्या चमच्यात पाऊण-एक ग्रॅमपर्यंत मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. त्यात लोणचे आहेच. सासूबाईंना किंवा घरात कुणाला रक्तदाब असेल तर त्यांच्या मुटक्यात लोणच्याऐवजी आंबट कैरीची फोड किंवा नुसते भिजवलेले आमसूल घाला आणि सॉस लावू नका. तिरफळ आणि संत्र्याच्या सालीमुळे मीठ कमी पडले हे जिभेच्या लवकर लक्षात येत नाही. औषधाच्या खलातून निघालेली चटणी ती, एवढे तरी करणारच.

लोणच्याची फोड मी मनाने घातलेली नाही. जपानमध्ये तिथे 'उमेबोशी' नावाचे खारवलेले आंबट फळ घालतात. मुलांसाठी लोणच्याच्या जागी किसलेले चीज आणि चटणी थोडी कमी. लसणाची लाल चटणी फारच छान लागते. ठेचा घालायचा असेल तर बेताने, कारण बाहेरही तिखट आहेच. मुलुंड-घाटकोपरला राहणाऱ्यांच्या शेजारी जैन कुटुंबे असतात. त्यांच्यासाठी पात वगळा आणि थोडी कोथिंबीर घाला. दुसरी एक गोष्ट शाकाहारी घरांनी लक्षात ठेवावी. मॉलमध्ये जपानी सॉसच्या आणि सूपच्या सुंदर बाटल्या मिळतात, त्यांतल्या अनेकांत वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. चित्रात भाज्या दिसल्या म्हणून विश्वास ठेवू नका, मागचे बारीक अक्षर चष्मा लावून वाचा. साध्या सोया सॉसमध्ये मासा नसतो. मात्र त्यात गहू असतो, तेव्हा गव्हाचे पथ्य असणाऱ्यांनी तो टाळावा.

"मग हे मुलांच्या डब्यात देता येतील का?" हा प्रश्न येणारच. जपानमध्ये देतात. पण तिथली हवा वेगळी, आणि तिथेही उन्हाळ्यात फार जपतात. आपल्याकडे सकाळी सातला भरलेला डबा दुपारी एकला उघडतो, आणि तोवर तो बाकाखालच्या दप्तरात उबेला असतो. मघाशी त्या जंतूबद्दल लिहिले ते आठवा. ताज्या भाताचे केले तरी मी डब्यात देणार नाही, ऑफिसच्या डब्यातही नाही. हे तव्यावरून बशीत आणि बशीतून तोंडात, असेच खायचे.

मुंबईला जपान तसा नवा नाही. जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीची बोट १८९३ सालीच मुंबईला लागू लागली होती, इथला कापूस तिकडच्या गिरण्यांना न्यायला. कापूस गेला, पण स्वयंपाकघरातले काही कुणी आणले-नेले नाही. तिरफळ आणि सानशो इतकी वर्षे एकमेकांना न ओळखता आपापल्या बरणीत बसून होते.

चटणी काचेच्या कोरड्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवा. तीळ आणि जवसाच्या तेलामुळे बाहेर ठेवलेली लवकर खवट होते, आणि तिरफळाचा वासही महिन्याभरात उडतो, म्हणून वर दिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त करू नका. मुटके संपले तरी चटणी उरेल. ती काकडीच्या कोशिंबिरीवर, वरणफळांवर, उकडलेल्या मक्याच्या कणसावर लिंबाबरोबर लावून पाहा. आणि हो, नूडल्सच्या पाकिटावरही. आतली मसाल्याची पुडी अर्धीच घाला, भरपूर कोबी-गाजर घाला, आणि वर चमचाभर ही चटणी. मालवणी मैत्रिणींपैकी कुणी बांगडा तव्यावर भाजून वर ही भुरभुरवली, तर कशी लागली ते मला जरूर कळवा.